वर, एक वाडगा

१

छ्याओथौ गावात थंडीच्या दिवसांत सकाळ उजाडत नाही, ती नुसती पांढरी होते. कालव्यावरचं धुकं घरांत शिरतं, घरांतली वाफ बाहेर येते, आणि कुठली कुठून आली हे कोणी विचारत नाही. अशा वेळी गावातली म्हातारी माणसं घराबाहेर पडतात ती नूडल्स खायला. चुलीवरचं पाणी नवंकोरं असताना, त्यात पिठाचा गढूळपणा यायच्या आत शिजलेला वाडगा ज्याच्या वाट्याला आला त्याचा दिवस सार्थकी लागला. त्या एका वाडग्यासाठी सत्तरीची माणसं एकमेकांना कोपरं मारतात आणि वर "तुम्ही आधी, तुम्ही आधी" म्हणतात.

वू रुईलान ही पंचावन्न वर्षांची, नुकतीच निवृत्त झालेली इतिहासाची शिक्षिका. एकटीच निंगबोहून आलेली. पुलाजवळच्या या दुकानात तिचा तो पहिलाच दिवस. खांबाला लागून असलेल्या टेबलापाशी तिला जागा मिळाली.

या दुकानात चिठ्ठी लिहीत नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात लूकाका नावाचा वाळकुडा म्हातारा उभा असतो. गिऱ्हाइकाची आवड तो ऐकतो आणि वळून गात्या आवाजात आत सांगतो. कोणाला रस्सा भरपूर, कोणाला बेताचा, कोणाला नूडल्स कडक, कोणाला मऊ. शेवटी जागा आणि आकडा. त्या हाकेवर आतली माणसं रांधतात. चाळीस वर्षं असंच चाललंय म्हणे, आणि एकाचा वाडगा दुसऱ्यापुढे गेला असं झालेलं नाही.

"बोला बाई."

"रस्सा बेताचा, मऊ करा. कांद्याची पात भरपूर. वर डुकराच्या मांसाचा तुकडा."

काकानं मान वर केली आणि आवाज सोडला. "रस्सा बेताचा, मऊ, पात भरपूर, तुकडा घालून — खांबापाशी, एक!"

रुईलानला हसू आलं. तीस वर्षं वर्गात हजेरी घेतली, आज कोणीतरी आपली हजेरी घेतली असं तिला वाटलं. ती चहाचा पेला हातात धरून ऊब घेत होती, तेवढ्यात काका पुन्हा गायला.

"रस्सा भरपूर, कडक, पात नको, खारवलेली मोहरी दुप्पट — वर, एक!"

तिनं दाराकडे पाहिलं. कोणी आत आलेलं नव्हतं. काकापाशी कोणी उभं नव्हतं. आतून "हं" असा हुंकार आला, आणि कढईत नूडल्स पडल्याचा आवाज झाला.

पेला तिच्या हातात तसाच राहिला. जगात अशा पद्धतीनं, वर मिठात मुरवलेल्या मोहरीच्या पाल्याची दुप्पट रास घालून, नूडल्स खाणारा एकच माणूस तिला माहीत होता, आणि तो अकरा वर्षांपूर्वी याच गावात हरवला होता.

२

आ-थोंग तिचा धाकटा भाऊ. बारा वर्षांनी धाकटा, त्यामुळे भाऊ कमी आणि मूल जास्त. आई गिरणीत जायची, आणि त्याला भरवणं, न्हाऊ घालणं, पदर नसल्यामुळे त्याच्या नाकाला स्वतःची बाही लावणं, हे सगळं रुईलानकडे होतं. मोठा झाल्यावर त्याला एकट्यानं भटकायचा नाद लागला. पाठीवर पिशवी, खिशात वही. वहीत काय खाल्लं, काय पाहिलं, कुठली तटबंदी कुठल्या राजवटीची, सगळं बारीक अक्षरात. ताईला खिजवायला मुद्दाम इतिहासात चुका लिहायचा.

छ्याओथौहून त्याची पिशवी आणि वही परत आली. तो आला नाही. पोलिसांनी कालव्यात गळ टाकले, घरोघर विचारलं. काहीच हाती लागलं नाही.

आता आई एक्क्याऐंशी वर्षांची. छातीनं अधू. तीन दिवसांवर हिवाळ्याचा मोठा सण आला होता, वर्षातली सगळ्यात लांब रात्र. त्या संध्याकाळी निंगबोच्या घरात दोन टेबलं मांडतात. एक पितरांचं, भिंतीला लागून, दार किलकिलं ठेवून. दुसरं घरच्यांचं. घरातलं कोणी परगावी असेल तर त्याचाही वाडगा आणि जेवायच्या काड्या घरच्या टेबलावर मांडायच्या, म्हणजे तो जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. पितरांचं अन्न आधी पितर जेवतात. मग ते खाली काढायचं, पुन्हा गरम करायचं, चिमूटभर मीठ घालायचं आणि मग खायचं. ते जेवून गेले की अन्न अळणी होतं, असं आईचं ठाम मत.

सहा वर्षांचा असताना आ-थोंगनं त्या टेबलावरचा माशाचा गोळा उचलून तोंडात टाकला होता. आईनं त्याच्या घशात बोट घातलं, पण त्यानं गिळला होता. तेव्हापासून त्याला सगळंच अळणी लागायचं. "ह्याच्यासाठी समुद्रच उकळायला ठेवा," असं रुईलान म्हणायची. निंगबोची माणसं तशीही मिठाची भुकेली, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

निघताना आईनं तिचा हात धरून ठेवला होता.

"आ-लान, अकरा वर्षं मी त्याचा वाडगा आपल्या टेबलावर मांडतेय. तो जिवंत असला तर ठीक. पण गेला असला तर अकरा वर्षं तो दारात उपाशी उभा आहे, आणि आपण त्याच्यासमोर जेवतोय. आणि जिवंत असताना पितरांत मांडला, तर आईच्या हातानं मेला बिचारा. या वर्षी मला नक्की सांग. कुठल्या टेबलावर?"

"आई, मी काय ज्योतिषी आहे?"

"तू त्याची ताई आहेस."

रुईलान त्याची वही घेऊन निघाली होती.

३

खाऊन झाल्यावर तिनं मालकिणीला गाठलं. चिनबाई गल्ल्यापाशी बसून लसूण सोलत होती, अंगानं भरलेली आणि तोंडानं सैल.

"बाई, वर बसायची सोय आहे का?"

"वर? जिना बघा की."

जिन्याच्या पायऱ्यांवर मोडकी स्टुलं एकावर एक रचलेली होती. खालपासून वरपर्यंत. मांजर गेलं असतं, माणूस नाही.

"लाकूड कुजलंय. किती वर्षांत कोणाला वर बसवलं नाही. का हो?"

"आत्ता काकांनी वर एक वाडगा सांगितला."

चिनबाईनं लसणाची पाकळी नखानं टोचली. "तुम्ही निंगबोच्या ना? बोलण्यावरून कळतं. तुमच्याकडे खारं खाऊन खाऊन कानात मीठ साठत असेल." आणि ती मनापासून हसली. जवळच्या टेबलावरचे दोन म्हातारेही हसले. रुईलानही हसली, कारण न हसणं अधिक विचित्र दिसलं असतं.

दिवसभर ती वहीप्रमाणे फिरली. तीन कमानींचा पूल पाहिला. त्याच्या कठड्यावरचे सिंह मुलांनी हात फिरवून इतके गुळगुळीत केले होते की ते मेंढ्यांसारखे दिसत होते. तांदळाची सुगंधी वडी खाल्ली, साखरेत घोळवलेला मासा खाल्ला, आणि या लोकांना मिठाचं नक्की काय वावडं आहे असा विचार केला. दुपारी मिठाच्या व्यापाऱ्याच्या जुन्या बागेत गेली. दारावरच्या पाटीवर राजवट चुकीची लिहिली होती. तिनं सवयीनं खिशातलं पेन काढलं आणि मग परत ठेवलं.

बागेच्या लांबलचक पडवीला वीस जाळीच्या खिडक्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. वहीत शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "नवव्या खिडकीतून नूडल्सच्या दुकानाचा वरचा मजला दिसतो. उद्या सकाळी तिथे बसून खायचं. ताई असती तर म्हणाली असती, आधी खाली बस, गरम खा."

तिनं नवव्या खिडकीला डोळा लावला. तळं, तळ्यापलीकडे भिंत, भिंतीपलीकडे दुकानाचं काळं छप्पर. वरच्या मजल्याची एक खिडकी उघडी होती, आणि त्या खिडकीतून वाफ बाहेर येत होती. सावकाश, थोडी थोडी, ताज्या वाडग्यावरून येते तशी.

धुकं असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण धुकं आत जातं. हे बाहेर येत होतं.

४

दुसऱ्या सकाळी ती जिना दिसेल अशी बसली. तीस वर्षं परीक्षेत मुलांच्या कॉप्या पकडलेली बाई होती ती, तिला नजर कशी ठेवायची हे शिकवायची गरज नव्हती.

दुकान भरलं. काकाच्या हाका चढउतार घेत चालल्या. दाराजवळ दोन. भिंतीपाशी एक. खांबापाशी एक. मग एक श्वास थांबून तीच हाक आली. "रस्सा भरपूर, कडक, पात नको, खारवलेली मोहरी दुप्पट — वर, एक!"

वाडगा घेऊन काका स्वतः निघाला. तेवढ्यात दाराजवळचा एक म्हातारा उठला, त्याच्या जाड कोटानं क्षणभर जिना झाकला. कोट बाजूला झाला तेव्हा काका स्वयंपाकघराच्या दाराशी परत उभा होता, हात रिकामे. स्टुलं होती तशीच होती.

अर्ध्या तासानं भांडी धुवायच्या टेबलावर एक वाडगा आलेला तिला दिसला. भरलेला. रस्सा काठोकाठ, वर मोहरीची हिरवी रास, एक तंतूही हललेला नाही. ती उठून जवळ गेली. नूडल्स अर्धा तास रश्शात राहिल्या की फुगतात, लिबलिबीत होतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. या नूडल्स आत्ता कढईतून काढल्यासारख्या सुट्या होत्या. पण वाडग्याला हात लावला तर तो कालव्यातल्या दगडासारखा गार.

कोणी बघत नाही असं पाहून तिनं मोहरीचं एक पान बोटानं उचललं आणि जिभेवर ठेवलं.

पान करकरीत होतं. दातांखाली नीट चावलं गेलं. चव मात्र नव्हती. महिनोन्महिने मिठात मुरवलेल्या पानाला मिठाचा मागमूस नव्हता. तिला आईची चिमूट आठवली आणि तिनं ते पान हळूच रुमालात थुंकलं.

मग तिनं मनाशी वाद घातला. चहानं जीभ भाजली असेल. इथली मोहरीच गोड असेल. रडणारं मन काहीही चाखतं. तिन्ही कारणं वर्गात टिकली असती. तिथे तळमळत उभ्या असलेल्या तिच्यापाशी एकही टिकलं नाही.

५

दुपारी दुकान रिकामं झालं की लूकाका मागच्या घाटाच्या पायरीवर बसून पाय शेकायचा. पायांखाली निखाऱ्यांचं छोटं तांब्याचं भांडं. रुईलान शेजारच्या पायरीवर बसली.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"रागवायला दात लागतात. विचारा."

"ती वरची हाक. कोणाची असते?"

काका पाण्याकडे बघत राहिला. एक नाव पुलाखालून गेली, वल्ह्याचा आवाज कमानीत फिरून मागे आला.

"मी ऐकतो ते गातो, बाई. माझं काम तेवढंच. कोण बोललं हे वळून पाहत बसलो तर पहिल्या पाण्याच्या नूडल्स दुसऱ्या पाण्यात जातील."

"पण ऐकू येतं?"

"तुम्हाला नाही येत?"

त्याच्या आवाजात खरंच कुतूहल होतं.

"तो माझा भाऊ आहे," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला रडू फुटलं. अकरा वर्षांत तिनं हे वाक्य नेहमी "होता की आहे" अशा अडखळीनं म्हटलं होतं. आज ते सरळ आलं. "काका, तो जिवंत आहे का? एवढंच सांगा. आईला सांगायचंय."

काकानं पायाखालचं भांडं तिच्याकडे सरकवलं. "घ्या, पाय शेका. गार पडलेत तुमचे." मग म्हणाला, "जिवंत का मेला ते मला काय कळणार. रोज येतो. रोज मागवतो. एकटा असतो, एवढं मात्र खरं. एकट्यानं खाणारा माणूस हाक मारताना लगेच ओळखू येतो."

"मला वर जायचंय."

"मग जा की. कोणी अडवलंय?"

"जिन्यावर स्टुलं आहेत."

"असतात," काका म्हणाला, आणि निखारे फुंकू लागला.

६

तिसऱ्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की दुकानातले दिवे लोण्याच्या गोळ्यांसारखे दिसत होते. तिचा वाडगा आला. वरची हाक झाली. ती आपला वाडगा दोन्ही हातांनी धरून उठली आणि जिन्याकडे गेली. स्टुलं नव्हती. कधी काढली, कोणी काढली, हे पाहायला ती मागे वळली नाही. वळली असती तर गेली नसती.

पायऱ्या कुरकुरल्या नाहीत. खालचा गलबला तिसऱ्या पायरीपर्यंत आला, चौथीला थांबला.

वर एक लांब खोली होती. सहा टेबलं, स्वच्छ पुसलेली. खिडकी उघडी, खिडकीत सगळं पांढरं. आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी पाठमोरं कोणीतरी बसलेलं होतं. जाकिटाची कॉलर एका बाजूला आत दुमडलेली. ती कॉलर तिनं हजार वेळा सरळ केली होती. मानेवर केसांचा उलटा भोवरा. समोर वाडगा, वाडग्यावर वाफ.

ती जाऊन त्याच बाकावर त्याच्या शेजारी बसली. बाजूनं चेहरा दिसायला हवा होता, पण वाफ मध्ये होती. तिला गाल दिसला, किंवा गालाची जागा दिसली. तो बत्तीसचाच होता की त्रेचाळीसचा झाला होता, हे तिला कधीच सांगता आलं नाही.

भीती वाटायला हवी होती. वाटली ती माया. किती वाळलाय, असं तिला आधी वाटलं. आणि हातांनी तेच केलं जे ते लहानपणापासून करत आले होते. तिनं आपल्या वाडग्यातला मांसाचा तुकडा काड्यांनी उचलला आणि त्याच्या वाडग्यात ठेवला.

"खा," ती म्हणाली.

बराच वेळ काही झालं नाही. मग वाफेतून दोन काड्या आल्या, मोहरीचा एक घास उचलून तिच्या वाडग्यात ठेवून परत गेल्या. ताईनं दिलं की आपल्यातलं ताईला द्यायचं, ही सवय तिनंच त्याला लावली होती. वाडग्यात कोणी आपल्या हातानं घातलेलं तसंच ठेवून उठायचं नाही, हीही.

आईची चिमूट तिला तेव्हाही आठवली. आधी खाली आणायचं, गरम करायचं, मीठ घालायचं, मग खायचं. पण समोर धाकटा भाऊ बसला होता, आणि अकरा वर्षांनी त्यानं काहीतरी दिलं होतं. ते नाकारायचं कसं?

तिनं तो घास खाल्ला.

गार होता. अळणी होता. शेजारून एक सुस्कारा आला, पोट भरल्यावर लहान मूल सोडतं तसा. तिनं मान वळवली तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. त्याचा वाडगा मात्र या वेळी रिकामा होता, तळ दिसेपर्यंत.

७

चौथ्या सकाळी तिची परतीची गाडी होती. संध्याकाळी सण. पिशवी पायाशी ठेवून ती शेवटचा वाडगा खायला खांबापाशी बसली होती, तेवढ्यात आईचा फोन आला.

"आ-लान, टेबलं पुसून ठेवलीत. वाडगे काढलेत. सांग गं, कुठल्या टेबलावर?"

रुईलाननं डोळे मिटले. "पितरांच्या, आई. आज त्याला वाढ. भरपूर वाढ. मोहरी दुप्पट."

पलीकडे आई रडली, पण ते मोकळं रडणं होतं, अकरा वर्षं दाबून ठेवलेलं. "बरं झालं. बरं झालं बाई. आता जेवेल तरी. आज मी सुखानं झोपेन." नाक पुसल्याचा आवाज आला. "आणि तू काय खातेयस? निंगबोची माणसं तिथे उपाशी मरतात म्हणे, सगळं गोड."

"खाते की," रुईलान म्हणाली.

काल दुपारपासून तिनं साखरेतला मासा खाल्ला होता, तिखट मुळा खाल्ला होता, आणि खोलीत एकटी असताना मिठाचा खडा जिभेवर ठेवून तो विरघळेपर्यंत वाट पाहिली होती. खडा विरघळला होता. तेवढंच कळलं होतं. आत्ताही टेबलावरची खारवलेल्या मोहरीची बशी तिनं निम्मी संपवली होती आणि काड्या पुन्हा तिकडेच जात होत्या.

"संध्याकाळपर्यंत पोचतेस ना? तुझा वाडगा कुठे मांडू विचारायला नको. नेहमीच्या जागी मांडते, घरच्या टेबलावर."

"मांड, आई."

"उशीर झाला तरी मी उचलणार नाही हं. तू येईपर्यंत राहू दे तिथेच."

तिनं फोन टेबलावर ठेवला. दारात लूकाका उभा होता. तिनं अजून काही मागवलं नव्हतं. तो तिच्याकडे पाहत नव्हता. कान किंचित तिरका करून तो दुसरंच काही ऐकत होता, आणि ऐकून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"रस्सा भरपूर, कडक, पात नको, खारवलेली मोहरी दुप्पट. रस्सा बेताचा, मऊ, पात भरपूर, तुकडा घालून — वर, दोन!"

आतून "हं" आला. चिनबाई गल्ल्यावरून उठली आणि जिन्यावरची स्टुलं एकेक करून खाली उतरवू लागली.